कोल्हापूर ते दिब्रुगड: अंतर २,४४६ किलोमीटर, पण घरातून निघून पोचायला किती तास?

प्रश्न असा आला आहे: "आम्ही कागलचे. मुलगी आसाममध्ये दुलियाजानला तेल कंपनीत रुजू झाली आहे. डिसेंबरात आईला घेऊन तिच्याकडे जायचं आहे. आईचं वय ७१, गुडघे दुखतात. अंतर सांगणाऱ्या साइटवर कोल्हापूर ते दिब्रुगड २,४४६ किलोमीटर आणि विमानाने ३ तास २३ मिनिटं असं येतं. तिकिटाच्या साइटवर मात्र ११ तास, १९ तास, एका ठिकाणी तर २६ तास दाखवतंय. यातलं खरं कोणतं धरायचं? आणि नेमका कुठला मार्ग घ्यायचा?"

आधी मुलीचं अभिनंदन. मी बरीच वर्षं एका विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. म्हणजे विमान कुठल्या मार्गाने जाणार, किती उंचीवर जाणार, किती इंधन घेणार, हे सगळं वैमानिकाच्या हातात कागदावर देण्याचं काम. आता ओळखीपाळखीच्या लोकांना प्रवासाची आखणी करून देतो. त्यामुळे तुमच्या आकड्यांचा उलगडा करतो आणि मग आईंसाठी मला कोणती वाट योग्य वाटते तेही सांगतो.

२,४४६ किलोमीटर हा आकडा बरोबर आहे. पृथ्वीच्या गोलावर दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा मार्ग तेवढाच भरतो, सागरी मैलांत सांगायचं तर १,३२०. ही रेघ नकाशावर ओढून पाहा, गंमत आहे. उजळाईवाडीहून, म्हणजे कोल्हापूरच्या विमानतळावरून निघाली की ती थेट सोलापूरवरून जाते, पुढे उदगीर, मग गडचिरोली, रायपूरच्या थोडं दक्षिणेकडून छत्तीसगड ओलांडून रुरकेल्याच्या उत्तरेला येते. हा अर्धा रस्ता झाला. तिथून राजशाहीजवळ बांगलादेशात शिरते, गारो टेकड्यांपाशी पुन्हा भारतात येते आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकत मोहनबारीच्या धावपट्टीवर संपते. मोहनबारी म्हणजेच दिब्रुगडचा विमानतळ, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला.

३ तास २३ मिनिटांचं काय? ते निव्वळ गणित आहे. २,४४६ ला ताशी ८५० ने भागा, २ तास ५३ मिनिटं येतात. चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा, झाले ३ तास २३. अशा बहुतेक साइट हेच करतात. त्या रेघेवर एखादं विमान खरंच उडतं का, हे त्या बघत नाहीत. आणि कोल्हापूरहून दिब्रुगडला थेट विमान नाही. तेव्हा हा आकडा तुमच्या काहीच कामाचा नाही, तो डोक्यातून काढून टाका.

थेट विमान का नाही, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यातूनच पुढचा मार्ग कसा निवडायचा ते कळतं. कोल्हापूरसारख्या विमानतळावरून लहान विमानं चालतात. कोल्हापूर-हैदराबादला एटीआर ७२ चालत आलं आहे. पंख्याचं विमान, सत्तर-अठ्ठ्याहत्तर माणसांचं, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. भरल्या विमानाने त्याचा पल्ला साधारण दीड हजार किलोमीटर, म्हणजे अडीच हजार किलोमीटर त्याला झेपणारच नाहीत. एम्ब्रेअर १७५ सारखं छोटं जेट तेवढं जाऊ शकतं, पण मग धावपट्टीचा प्रश्न येतो. कोल्हापूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे. हवा विरळ आणि वर एप्रिल-मेचं ऊन असलं, की विमानाला उचलायला जास्त लांब धाव लागते. धावपट्टी आहे तेवढीच, म्हणून वजन कमी करावं लागतं.

हे वजन कसं वाढतं पाहा. मुक्कामापर्यंतचं इंधन घ्यायचंच. त्यावर चुकतमाकत खर्च होईल म्हणून थोडं राखीव. मग दिब्रुगडला धुकं असलं आणि उतरता आलं नाही तर गुवाहाटीला जाता यावं इतकं, ते अंतरच पावणेचारशे किलोमीटर आहे. आणि तिथे पोचल्यावरही अर्धा तास घिरट्या घालता येतील इतकं शेवटचं इंधन, ज्याला हात लावायचा नसतो. लांबच्या विमानाला हे सगळं मिळून इतकं जड होतं, की आखूड धावपट्टीवरून निघायचं तर काही खुर्च्या रिकाम्या ठेवाव्या लागतात. आणि रोज कोल्हापुरातून दिब्रुगडला जाणारी माणसं तरी किती? हिशोब बसत नाही. म्हणून लहान गावातल्या माणसाला आधी मोठ्या विमानतळावर नेतात आणि तिथून पुढे.

आता मुद्द्याचं. थेट विमान नसलं तरी त्या सरळ रेघेच्या जवळून जाणारी वाट निवडता येते. हे तिकिटाच्या साइटवर दिसत नाही, कारण ती स्वस्त किंवा लवकर या दोनच गोष्टींनी यादी लावते. मी नेहमी आधी तुकड्यांची अंतरं मांडतो. कोल्हापूर-हैदराबाद सुमारे ४४५ किलोमीटर, हैदराबाद-कोलकाता १,२१०, कोलकाता-दिब्रुगड ८५०. बेरीज जेमतेम २,५०५. म्हणजे दोन ठिकाणी उतरूनही सरळ रेघेपेक्षा फक्त साठ किलोमीटर जास्त. कोलकात्याऐवजी गुवाहाटीवरून गेलात तर हैदराबाद-गुवाहाटी १,६८०, गुवाहाटी-दिब्रुगड ३७०, बेरीज जवळपास तितकीच, २,४९५. दोन्ही वाटा जणू त्या रेघेवरच आखलेल्या.

याउलट मुंबई-दिल्लीवरून जा. कोल्हापूर-मुंबई ३१०, मुंबई-दिल्ली १,१४०, दिल्ली-दिब्रुगड १,७६०, एकूण ३,२१०. साडेसातशे किलोमीटरचा वळसा. पूर्वेला जायचं आणि आधी वायव्येला मुंबई, मग पार उत्तरेला दिल्ली. बेंगळुरूवरून कोलकाता गाठलं तर २,९३०, मुंबईवरून कोलकाता गाठलं तर २,८२५. हे सगळे आकडे सरळ अंतराचे आहेत. प्रत्यक्षात विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, बिंदूबिंदूंवरून जातं, त्यामुळे प्रत्येकात काही टक्के वाढतात. पण वाटांची आपसातली तुलना बदलत नाही.

एक शंका अनेकांना येते, बांगलादेशावरून कसं जाता येईल? जाता येतं. कोलकाता-आगरतळा विमानं तर बांगलादेशावरूनच जातात. परवानगी असते, कंपनी त्या देशाला हवाई मार्गाचं शुल्क भरते. प्रवाशाला त्याचं काही देणंघेणं नसतं, कागदपत्रंही लागत नाहीत, कारण विमान तिथे उतरत नाही.

अंतरं झाली, आता वेळ. तिकिटावर छापलेली वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर लागलं तिथपर्यंतची. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, उतरण्याआधी फिरवत ठेवणं, सगळं धरलेलं असतं. कोल्हापूर-हैदराबाद एटीआरने सव्वा तास, हैदराबाद-कोलकाता दोन तासांच्या थोडं वर, कोलकाता-दिब्रुगड तास-पस्तीस मिनिटं. पाच तास झाले. हे विमानात बसण्याचे तास. तुमच्या साइटवरच्या ११ किंवा १९ तासांत उरलेला वेळ विमानतळावर वाट पाहण्याचा आहे, आणि २६ तासांच्या पर्यायात तर मध्ये आख्खी रात्र आहे. म्हणजे अंतरामुळे प्रवास लांबत नाहीये, जोडविमानांच्या वेळा जुळत नाहीत म्हणून लांबतोय.

आणि अकरा तास हेसुद्धा विमानतळ ते विमानतळ. घर ते घर मांडू. कागलहून उजळाईवाडी अर्धा तास. विमानाआधी दीड तास पोचायचं, सामान देण्याचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. विमानातले पाच तास. दोन ठिकाणी अडीच-अडीच तास. दिब्रुगडला सामान यायला अर्धा तास, आणि मोहनबारीहून दुलियाजानला गाडीने तास-सव्वा तास. बेरीज तेरा-चौदा तास. सगळं नीट जुळलं तर एवढं. तरण्याताठ्या माणसाला एका दमात जमेल, मुलगी सुट्टीला येईल तेव्हा तिला हेच सांगा. आईंना मात्र एका दिवसात नेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

गुडघे दुखणाऱ्या माणसाला विमानातले तास जड जात नाहीत, जड जातं ते विमानतळावरचं चालणं आणि जिने. म्हणून वाट निवडताना मी किलोमीटरांइतकंच टर्मिनलकडे बघतो. हैदराबादला शमशाबादमध्ये एकच टर्मिनल आहे. कोलकात्यालाही २०१३ पासून देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमानं एकाच इमारतीतून जातात. मुंबईत टर्मिनल १ आणि २ धावपट्ट्यांच्या दोन बाजूंना, मध्ये रस्त्याची गर्दी. दिल्लीत टर्मिनल १ आणि ३ मध्ये बस किंवा टॅक्सी करावी लागते. एका टर्मिनलला उतरून दुसऱ्याहून निघायचं असलं, तर तिकिटावर दिसणारे दोन तास सामान ओढण्यात आणि सुरक्षा तपासणीच्या दुसऱ्या रांगेत संपतात. तुमच्या बाबतीत जवळची वाट हीच सोपी वाटही आहे, असं नेहमी घडत नाही. हैदराबाद-कोलकाता घ्या.

तिकिटं कशी काढायची, यावर सगळ्यात जास्त जोर देईन. तिन्ही तुकडे एकाच कंपनीचे, एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर मिळत असतील तर थोडे पैसे जास्त पडले तरी तेच घ्या. एका पीएनआरवर पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं हुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. सामानही बहुधा थेट दिब्रुगडपर्यंत टॅग होऊन जातं. वेगवेगळी तिकिटं काढलीत तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट गेलं. सामान घ्यायचं, बाहेर पडायचं, पुन्हा आत यायचं. वेगळी तिकिटं काढावीच लागली तर मध्ये चार तासांपेक्षा कमी ठेवू नका, किंवा सरळ रात्रीचा मुक्काम करा.

डिसेंबर म्हणालात, म्हणून हवामानाचं सांगायला हवं. इथे अनेक गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जोरदार झोत वाहतो. जाताना तो विमानाला मागून ढकलतो, येताना समोरून अडवतो. दिल्ली-दिब्रुगडसारख्या सरळ पूर्व-पश्चिम मार्गावर या एका कारणाने जाण्या-येण्याच्या वेळेत पाऊण तासाचा फरक पडू शकतो. आम्ही हिवाळ्यात परतीच्या विमानाला इंधन जास्त द्यायचो ते याचसाठी. कधी कधी तर झोतातून बाहेर राहावं म्हणून विमान मुद्दाम खालच्या उंचीवरून काढायचो. तुमच्या हैदराबाद-कोलकाता वाटेवर हा परिणाम कमी, कारण बराचसा प्रवास दक्षिणेकडून आणि तिरका आहे. तरी परतीच्या तिकिटावर दहा-वीस मिनिटं जास्त दिसली तर छपाईची चूक समजू नका.

धुकं मात्र खरी काळजीची गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं सगळ्यांना माहीत आहे, पण पहाटे कोलकात्यालाही धुकं पडतं आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही. मोठ्या विमानतळांवर कमी दृश्यमानतेत उतरण्याची यंत्रणा असते, लहान विमानतळांवर ती तेवढी नसते. त्यामुळे दिब्रुगडला सकाळी पहिल्याच विमानाने उतरायचा आग्रह धरू नका. दहा-साडेदहानंतर ऊन चढलं की धुकं विरतं. दुपारच्या आत-बाहेर पोचणारं विमान उत्तम.

पण फार उशिराचंही नको, आणि याचं कारण महाराष्ट्रातून पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. कोल्हापूर आणि दिब्रुगड यांच्या रेखांशात जवळजवळ २१ अंशांचा फरक आहे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्याच्या हिशोबाने दिब्रुगड तुमच्यापेक्षा ८३ मिनिटं पुढे. घड्याळ दोन्हीकडे एकच. डिसेंबरच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य मावळतो सहाच्या सुमारास, दिब्रुगडला सव्वाचारला. पाच वाजता तिथे काळोख झालेला असतो आणि थंडीही वाढते. चार वाजता उतरलात तर दुलियाजानचा सगळा रस्ता अंधारात. म्हणून उतरण्याची वेळ अकरा ते दोनच्या मध्ये बसवा.

एवढ्यावरून आखणी जवळजवळ आपोआप ठरते. पहिल्या दिवशी कोल्हापूर-हैदराबाद-कोलकाता, संध्याकाळपर्यंत कोलकात्यात. विमानतळाजवळ मुक्काम, आईंना पाय पसरून झोप मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊनंतर निघणारं कोलकाता-दिब्रुगड विमान, म्हणजे दुपारी जेवायला मुलीच्या घरी. मध्ये रात्र राहिलात तर सामान कोलकात्यात घ्यावं लागेल की पुढे जाईल, हे तिकीट काढतानाच विचारून घ्या. आणि आईंची औषधं, एक स्वेटर, एक साडी हातातल्या पिशवीतच ठेवा.

कोल्हापूरच्या फेऱ्यांबद्दल सावध करतो. लहान विमानतळांवरच्या फेऱ्या अनेकदा वारांवर असतात आणि वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. डिसेंबरचं तिकीट उन्हाळ्यातच काढलंत तर हिवाळी वेळापत्रक लागू झाल्यावर वेळ सरकू शकते आणि मधली जोडणी तुटू शकते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुकिंग पुन्हा उघडून तपासा. वेळ कंपनीने बदलली असेल तर जुळणारं दुसरं विमान मागण्याचा हक्क तुम्हाला आहे, तो वापरा.

काहीजण तुम्हाला सांगतील, पुण्याला जा, तिथून कोलकात्याला थेट विमान मिळतं. मिळतं, आणि कोल्हापूरची फेरी त्या वारी नसेल तर तो पर्याय चांगला आहे. एक विमान कमी होतं. पण कागलहून लोहगावला, म्हणजे पुण्याच्या विमानतळावर, गाडीने पाच तास धरावे लागतात, महामार्गाचं काम आणि पुण्यातली गर्दी मिळून सहाही होतात. दुखऱ्या गुडघ्यांना गाडीत पाच तास पाय दुमडून बसणं आणि एटीआरमधला सव्वा तास, यात मी एटीआर निवडेन. गुवाहाटीला उतरून रात्रीच्या गाडीने दिब्रुगड गाठण्याचा मार्गही आहे, स्वस्त पडतो, पण तो आईंसोबत नको.

व्हीलचेअरची मागणी तिकीट काढतानाच नोंदवा, आयत्या वेळी काउंटरवर नको. ती प्रत्येक तुकड्याला वेगळी नोंदली गेली आहे का ते तिकिटावर बघा. कोल्हापुरात विमानात पायऱ्यांनी चढावं लागतं, त्यामुळे रॅम्प मिळेल का हेही आधीच विचारा. आणि जागा निवडताना हे लक्षात ठेवा: एटीआर ७२ मध्ये प्रवाशांचा दरवाजा मागे असतो. आपल्याला पुढची रांग सोयीची वाटते, पण या विमानात पुढची जागा घेतलीत तर आईंना अरुंद वाटेने सगळं विमान पार करावं लागेल. एटीआरमध्ये शेवटच्या दोन-तीन रांगांतली जागा घ्या. पुढच्या दोन्ही तुकड्यांना बहुधा एअरबस असेल, तिथे पुढची रांग आणि मधल्या वाटेकडेची खुर्ची.

परतीला हीच वाट उलटी. फक्त दिब्रुगडहून सकाळचं पहिलं विमान धरून त्याच दिवशी कोल्हापूर गाठायचा बेत करू नका. तिथे धुक्याने दोन तास गेले, तर कोलकात्याचं आणि हैदराबादचं दोन्ही विमानं हुकतात, आणि हैदराबाद-कोल्हापूरची पुढची फेरी त्या दिवशी असेलच असं नाही. परतीलाही मधला मुक्काम ठेवा, शक्यतो हैदराबादला, म्हणजे शेवटचा छोटा तुकडा सकाळी ताज्या अंगाने होईल. तारखा ठरल्या की त्या आठवड्यात कोल्हापूरहून हैदराबादला कुठल्या वारी विमान आहे ते आधी बघा आणि बाकीची दोन तिकिटं त्या वारावर बसवा. मुलीच्या रजेच्या तारखाही त्याआधीच विचारून घ्या.